पारशिवनीच्या पुढे, तारेच्या कुंपणापर्यंत

नागपूरची माणसं जबलपूर रोडने जातात ती रामटेकच्या देवळासाठी, नाहीतर पेंचच्या जंगलासाठी. मी गेलो तो एका पाटीसाठी. पाटी म्हणजे एका अंगाला तांब्याचा पातळ थर असलेली, वीतभर लांबीची सर्किटची पाटी. तिच्यावरची प्रत्येक रेघ मी स्वतः काढलेली होती.

फाल्गुनातली गोष्ट. इतवारीतल्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात धोतर-टोपीतला एक म्हातारा आला. पारशिवनीच्या पलीकडे माझी धाकटी बहीण शांता दिली आहे, तिच्या गावचा. पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमच्या मशीनीनं डोमाजी मेला, असं म्हणून राहिले लोक. शांताबाईनं बोलावलं तुमाले. उद्याच या."

"माझ्या मशीनीनं माणूस मरत नाही," मी म्हणालो.

"मी कुठी म्हणतो मारते? लोक म्हणतात."

त्याच संध्याकाळी मीटर, पेचकस, सोल्डरिंगचा कैय्या आणि एक जोडी कपडे पिशवीत भरले. बायकोने विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "पाटी उघडून पाहायला किती वेळ लागतो?"

आधी या यंत्राबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या भागात रानडुकरं उभं पीक लोळवतात. म्हणून शेतकरी रात्री शेताभोवती उघडी तार ओढतात आणि पंपाच्या लाइनवरून आकडा टाकतात. डुक्कर मरतं, कधी बैल मरतो, कधी माणूस. शांताचे यजमान रामकृष्णराव मला म्हणाले होते, "भाऊ, भेव वाटंल पण जीव जाणार नाही, असं काही करता येते का?" मी इंजिनियर नाही, मॅट्रिकच्या परीक्षेलाही बसलो नाही. जे शिकलो ते जुने रेडिओ खोलून. पण हे काम मी करू शकतो हे मला ऐकताक्षणीच कळलं होतं.

आमचं घर विणकरांचं. वडील लुगड्याचा काठ चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढायचे, मग मागावर चढवायचे. मी सर्किटच्या रेघा त्याच कागदावर काढतो. आधी लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना भाग जोडले. बॅटरी, टायमरची चिप, मोटारीची इग्निशन कॉइल. सेकंदाला एक झटका, डोळ्याचं पातं लवेल त्याहून लहान. तारेला मी स्वतः हात लावून पाहिला. तो मागे फेकला गेला, पण मी उभाच होतो. मग तांब्याच्या पाटीवर इनॅमल रंगाने रेघा काढल्या, फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवून उघडं तांबं खाऊ दिलं, हातड्रिलने भोकं पाडली. बॅटरीचा चार्जर पंपाच्या लाइनवर चालतो. त्यामुळे चार्जरची बाजू आणि तारेची बाजू यांच्यामधून पाटीला करवतीने आरपार चीर दिली. ओल येवो, धूळ बसो, मुंग्या होवोत, लाइन त्या चिरेपलीकडे जात नाही. दुकानात विकत मिळणाऱ्या यंत्रांतही अशी चीर मी पाहिलेली नाही. ते यंत्र मी रामकृष्णरावांच्या शेतावर बसवून दिलं होतं.

सकाळची एस.टी. पकडायची असेल तर स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्यावेत, पुढे तसे मिळत नाहीत. डाव्या खिडकीची जागा घेऊ नये. फाट्यापासून धुळीचा रस्ता लागतो आणि ती सगळी त्याच बाजूने आत येते. माझ्या शेजारी एक जाडसर गृहस्थ बसले. मांडीवरच्या पिशवीतून मीटरची तार बाहेर आली होती.

"रेडिओ आहे का गा? लावा ना एखादं गाणं."

"मीटर आहे."

"मंग काय मोजता?"

"करंट."

"आमच्या गावात करंट राहतच नाही, मोजता काय!" म्हणून ते पोटभर हसले. मागचे दोघेतिघेही हसले. एरवी मीही हसलो असतो.

कामठी गेली. कन्हानच्या पुलावरून नदी बारीक दिसत होती, वाळूत म्हशी बसलेल्या. पुढे उजव्या हाताला रामटेकचा डोंगर आणि वरचं पांढरं देऊळ दिसलं. बायांनी बसल्या जागेवरून हात जोडले. पळस पाहायचा तर हाच महिना, पानं नसतात, नुसती लाल फुलं. फाट्यावर गाडी वळली की रस्ता हाडं मोजून घेतो. पारशिवनीला स्टँडसमोर आलूबोंडा आणि चहा झाला. तिथून गावाकडे दिवसाला एकच गाडी, तीच दुपारी परत येते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

शांताच्या दारात चप्पल काढली तेव्हा घरात आवाज नव्हता. रामकृष्णराव खाटेवर बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. शेजारच्या घरासमोर मात्र बायांची गर्दी होती. ते डोमाजीचं घर. डोमाजी आदल्या दिवशी पहाटे सुटलेली बकरी शोधत शेताच्या कडेने गेला आणि तारेवर पडला. त्याच्या बायकोचं, केजाबाईचं, रडणं थांबून थांबून ऐकू येत होतं.

शांताने ताटात भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. स्वतः समोर बसली, जेवली नाही.

"भाऊ, उद्या लायटीचा साहेब येनार आहे. पोलिस बी येईल. तुले विचारतीन."

"विचारू दे. मी पाटी उघडून दाखवीन."

"मशीन बिघडली होती म्हणून सांग."

मी घास खाली ठेवला.

"ह्यांनी मशीनीची तार काढून लाइनचा आकडा टाकला होता रे भाऊ." ती हळू बोलत होती, पण मला ते सगळ्या गल्लीने ऐकलं असं वाटलं. "डुकरं रोज येत होते. अर्धा हरभरा लोळवला. डोमाजी पडला तं ह्यांनीच पयले धावत जाऊन आकडा काढला. मशीन खराब झाली, तिच्यातून लाइन तारीवर आली, एवढंच सांग. तुले कोन काय करंल? मशीन खराब होतच असते."

"माझी होत नाही."

"मंग ह्यांले नेतीन."

खाटेवरून रामकृष्णराव म्हणाले, "राहू दे वं शांते. त्याले नको सांगू काय बोलाचं ते."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, हे खरं. इतक्या काळजीने केलेलं यंत्र बाजूला काढून त्यांनी तोच जुना आकडा टाकला होता.

सकाळी शेतावर गेलो. वीज खात्याचा तपासनीस मोटरसायकलवर आला, एक हवालदार आधीच आला होता. केजाबाईला दोघी बायांनी धरून आणलं होतं. शांता बांधावर उभी. झोपडीत यंत्राची पेटी जशीच्या तशी होती. बाहेर, जिथून तार सुरू होते तिथला पीळ काळा पडला होता, तांबं वितळून त्याचा मणी झाला होता. इग्निशन कॉइलने तसं होत नाही. तपासनीस त्याच्यावरून नजर फिरवून आत आला.

मी झाकण काढलं. पाटी कोरडी, टाके चकचकीत, चिरेत धुळीचा कणही नाही. मीटर लावून एक एक जागा दाखवली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉलेज कोणतं तुमचं?"

"कोणतंच नाही."

"बरं. मग सरळ सांगा. या यंत्रातून पंपाची लाइन कुंपणावर येऊ शकते की नाही?"

बांधावरची माणसं झोपडीच्या दाराशी सरकली. केजाबाईसुद्धा. शांता माझ्याकडे पाहत होती, लहानपणी मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून वडिलांच्या हातांकडे पाहायची तशी. 'येऊ शकते' एवढे दोनच शब्द. चूक कुणी काढली नसती, तिथे काढू शकणारा मी एकटाच होतो.

"नाही," मी म्हणालो. "या पाटीतून येऊच शकत नाही."

तपासनीसाने लिहून घेतलं. हवालदाराने रामकृष्णरावांकडे पाहिलं. केजाबाई खाली बसली आणि तिने मातीत हात आपटला. शांता हलली नाही.

रामकृष्णराव मात्र माझ्याजवळ आले. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मशीन चांगली होती तं डुकरं काहून येत होते गा, भाऊ? पावसाळ्यात एक बी नाही आला. दिवाळीपासून तारीखालून, तारीमधून, कुठून बी. मी हात लावून पाह्यला, मुंगी चावल्यावानी वाटे."

"शक्य नाही."

"पाहा मंग."

मी यंत्र चालू केलं. टिक, टिक, बरोबर सेकंदाला एक. झोपडीजवळ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी गजाशी तारेचं टोक आणलं तर निळी ठिणगी उडी मारत होती, जशी माझ्या खोलीत मारायची. मग शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो. काळी जमीन उन्हाने तडकली होती, भेगांत बोट जाईल इतकी. चपला काढल्या आणि तारेला हात लावला.

मुंगी चावल्यासारखं वाटलं. तेवढंच.

मी तसाच उभा राहिलो. झटका तारेतून येतो, अंगातून पायाखाली जातो आणि मातीतून त्या गजापर्यंत परततो. तेव्हाच फेरा पूर्ण होतो. अर्धं सर्किट माझ्या पाटीवर होतं, उरलेलं अर्धं या शेतात. मी यंत्र बसवलं ते भादव्यात, चिखलात. आता माती इतकी वाळली होती की तिच्यातून काही परत येत नव्हतं.

"पाणी आणा," मी म्हणालो.

रामकृष्णरावांनी स्वतः विहिरीवरून दोन घागरी आणल्या. एक गजाच्या मुळाशी ओतली, एक माझ्या पायांवर. मी पुन्हा तार धरली. हात खांद्यापासून मागे फेकला गेला, दात एकमेकांवर आपटले.

रामकृष्णराव रिकाम्या घागरीकडे पाहत राहिले. "पान्याचं सांगतलं नाही तुमी. गज हातभर ठोका म्हटलं, मी हातभर ठोकला."

हातभरच सांगितलं होतं. पावसाळ्यात तेवढा पुरतो.

मी तपासनीसाकडे गेलो. "साहेब, हेही लिहा. यंत्र निर्दोष आहे, पण जमीन कोरडी होती, म्हणून कुंपण चालत नव्हतं. म्हणून यांनी आकडा टाकला."

"आकडा टाकला हे मी लिहिलंय."

"का टाकला ते लिहा."

त्याने पेनाला टोपण लावलं. "मला लाइन कुठून आली ते विचारलंय. डुकरं का आली ते नाही."

हवालदारालाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, ते वकिलाले सांगा."

दुपारची गाडी एकच, हे वर लिहिलं आहे. त्याच गाडीने मी निघालो आणि त्याच गाडीने हवालदार रामकृष्णरावांना घेऊन निघाला. शांता घराबाहेर आली नाही. पेटी तिने आधीच शेतातून आणून, पोत्यात गुंडाळून ओट्यावर काढून ठेवली होती. घे म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही. मी ती परत नेऊन झोपडीत बसवली, तार जोडली, चालू केली आणि मग स्टँडवर पोहोचलो.

ते दोघे माझ्या पुढच्या बाकावर बसले. हवालदाराने खिडकी रामकृष्णरावांना दिली. पारशिवनी आली. उतरताना रामकृष्णराव दांडा धरून माझ्याकडे वळले.

"भाऊ, शांताले कळवजा. गजाले रोज एक घागर पानी टाकत जाय म्हणा. अर्धा हरभरा उभा आहे अजून."

"कळवतो."

"आन् डोमाजीच्या घरी..." ते थांबले. हवालदार खालून म्हणाला, "चाला." ते उतरले.

नागपूरला आल्यावर शांताला कार्ड टाकलं. रोज एक घागर, गज आणखी खोल ठोकून घेणे, त्याच्या मुळाशी मीठ आणि कोळसा घालणे. उत्तर आलं नाही. म्हाताऱ्या निरोप्याकडून कळलं की सकाळी ती घागर घेऊन शेतावर जाते आणि परत येताना एक घागर केजाबाईच्या दारात ठेवते. केजाबाई ती घेते की नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

आता चौकटीच्या कागदावर दुसरी पाटी काढतो आहे. माती वाळली तर पेटणारा एक लाल दिवा तिच्यावर आहे. फळीवर तो बरोबर पेटतो, पण फळी म्हणजे शेत नव्हे. म्हणून या खेपेला अंगणात टोपलीभर माती वाळत घातली आहे. बायको विचारते, "नेऊन कोण देणार?" कागदावर जमीन दाखवायला तीन आडव्या रेघा काढायची रीत आहे, वरची लांब, खालची आखूड. रोज त्या रेघांपर्यंत येतो आणि पेन्सिल तिथे थांबते.

त्या बाजूला कुणी जाणार असेल तर जरूर जावं. पाणी बरोबर ठेवावं, परतीची गाडी आधी विचारून घ्यावी. पळस खरंच पाहण्यासारखा असतो. फक्त शेताच्या कडेने तार दिसली तर हात लावू नका. ती यंत्राला जोडली आहे की सरळ लाइनला, हे नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही.