पोट माझं, नकाशाही माझा

मॅडमनी माझ्या स्टीलच्या ग्लासावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. माझ्यासमोर. दवाखान्याच्या जेवणाच्या खोलीत, सगळे डबे उघडून बसले असताना. ठिपक्यावर फुंकर घातली, वाळला का ते बोटानं बघितलं आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

"हा तुझा. बाकीच्यांत मिसळू नको. वाईट वाटून घेऊ नको बेटा, हे सायंटिफिक आहे."

डॉक्टर, म्हणजे मॅडमचे मिस्टर, टेबलाच्या टोकाला बसले होते. पोळी मोडता मोडता हसले.

"पूरी दुनिया का पायलोरी ढूंढ रही थी, खुद के पेट में निकला. दवनीवाडा साइड की है ना. तालाब का पानी."

रिसेप्शनवाली हसली. मेडिकलवाला हसला. आणि मीही हसले. नोकरी होती माझी.

पायलोरी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटात राहणारा जीवाणू. जगात कोट्यवधी लोकांच्या पोटात आहे. बहुतेकांना कळतही नाही. काहींना अल्सर होतो, थोड्यांना पुढे कॅन्सर. लागतो तो बहुधा लहानपणी, घरातल्या घरात. हे डॉक्टरांना माहीत होतं. पोटाचे डॉक्टर होते ते, गोंदियात नाव होतं. मॅडमनाही माहीत होतं. दवाखाना त्याच चालवायच्या.

मी दवनीवाड्याच्या पलीकडच्या गावची. बाप दुसऱ्याच्या शेतात, बांधीत, ठेक्यानं धान करतो. माय पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जाते, बाकी वर्ष बिड्या वळते. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले. आमच्या मोहल्ल्यातली पहिलीच. डॉक्टरांनी नोकरी दिली तेव्हा मायनं गल्लीत साखर वाटली.

काम असं होतं. पायलोरीवर जगभर आजवर जे संशोधन झालं, त्याचा नकाशा काढायचा. कोणत्या देशात किती काम झालं, कोणी कोणाबरोबर केलं, कोणत्या काळात कोणत्या गोष्टीचा शोध चालला होता. हजारो शोधनिबंधांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, दोनदा आलेल्या काढायच्या, एकाच माणसाची चार तऱ्हेनं लिहिलेली नावं एक करायची. मग संगणकावर गोल उमटतात. जास्त काम तिथं मोठा गोल. एकत्र काम तिथं मधे रेघ. शब्दांचाही असाच नकाशा निघतो. आधीच्या काळात अल्सर आणि आम्ल. मग कॅन्सर. मग औषधांना दाद न देणारा जीवाणू. आता आतड्यातले बाकीचे जीवाणू, त्यांचं आपसातलं नातं. एक एक लाट कशी आली आणि कशी ओसरली, ते डोळ्यांना दिसतं.

मला हे काम आवडायचं. खोटं कशाला सांगू. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी अख्खं जग बघत होते.

मग एका कंपनीचा माणूस श्वासाच्या तपासणीचं यंत्र दाखवायला घेऊन आला. उपाशीपोटी द्रावण प्यायचं, थोड्या वेळानं पिशवीत फुंकायचं. पायलोरी असेल तर यंत्र सांगतं. डॉक्टर म्हणाले, आपल्याच लोकांवर करून बघू. सगळ्यांनी फुंकलं. डॉक्टरांनी, मॅडमनी, रिसेप्शनवालीनं, मेडिकलवाल्यानं, मी. त्या माणसानं यंत्र चालवायला मलाच शिकवलं. पिशव्या मीच लावल्या. निकाल माझ्या हातानं निघाले. ज्याचा त्याला नेऊन दिला. कोणाचा दुसऱ्याला सांगितला नाही. माझा मात्र डॉक्टरांनी मागून घेतला.

पायलोरी निघालेली मी एकटी नव्हते. निम्म्याहून जास्त होते.

ग्लास एकच वेगळा झाला.

मॅडमनी माझी जात कधी विचारली नव्हती. आडनाव होतं ना. आधी काही करायला निमित्त नव्हतं, आता यंत्रानं दिलं. चहा देणाऱ्या बाई नागऱ्याहून यायच्या. त्या माझा ग्लास बाहेरच्या नळावर धुवायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. एकदा हळूच म्हणाल्या, "मॅडमनं सांगतलं बापा. मी का करू?"

मी त्याच ग्लासात पाणी पीत राहिले. नकाशावरचा आमचा शोधनिबंध पुरा होत आला होता. वाटायचं, माझं नाव छापून येऊ दे, मग बघू.

मग मायचं पोट दुखायला लागलं. मी तिला बसनं गोंदियाला आणलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहिल्या. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं पाणी मागितलं. बाईंनी कपाटातला ग्लास काढला तशा मॅडम आतून बोलल्या.

"तो नको. त्यांना तिच्याच ग्लासात दे."

बाईंनी ठिपक्याचा ग्लास आणला. मायनं तो हातात घेतला. फिरवून बघितला.

"माह्या पोरीचा गिलास येगळा काऊन हाये?"

मायनं भरलेला ग्लास बाकावर ठेवला. उठली. पायऱ्या उतरली. मी मागं मागं गेले. ऑटोजवळ आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मग बोलली. रागावली नाही. नुसतं विचारलं.

"लहानपनी मले वरून पानी वतत होते. वंजळीत. तुले मंग शिकवलं कायले?"

मला मारलं असतं तरी चाललं असतं.

त्याच महिन्यात हॉटेलच्या हॉलमध्ये डॉक्टरांचा कार्यक्रम होता. शहरातले सगळे डॉक्टर, मोठा पडदा, नंतर जेवण. डॉक्टर नकाशा दाखवणार आणि मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉपची बटणं दाबणार. पहिल्या पानावर नावं आली. डॉक्टर, मॅडम, आणि बाहेरगावी डॉक्टरकी शिकणारा त्यांचा मुलगा. त्यानं नकाशा पाहिलासुद्धा नव्हता. माझं नाव तळाशी, आभारात. संगणक साहाय्य.

मी गिळलं. तेही गिळलं.

मग शब्दांचा नकाशा आला. एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. एका कोपऱ्यात हिरवे गोल. गरिबी. ग्रामीण. स्वच्छता. पिण्याचं पाणी. मीच काढले होते ते. तोवर मला ते नुसते शब्द वाटत होते. भिंतीएवढे झाल्यावर दिसलं, हे आमचं घर आहे. हा मायचा माठ आहे. पुढच्या पानावर माणसांची नावं. तिथं आम्ही कुठंच नव्हतो. पोटं आमची होती आणि नावं यांची.

डॉक्टर माझ्याकडे हात करून म्हणाले, "ये हमारी असिस्टंट. खुद केस है. चलता-फिरता गोंदिया स्ट्रेन."

स्ट्रेन म्हणजे जीवाणूचा वाण. हॉल हसला.

"नेक्स्ट."

मी बटण दाबलं नाही.

"नेक्स्ट, बेटा."

मी उभी राहिले. प्रश्न विचारायचा माईक माझ्याच टेबलावर होता. तो उचलला.

"हा नकाशा मी काढला आहे. यातली एक रेघही यांनी काढलेली नाही. माझ्या पोटात काय आहे ते यांनी आत्ता तुम्हाला सांगितलं, मला न विचारता. तपासणी दवाखान्यातल्या सगळ्यांची झाली होती. निकाल मी काढले. पायलोरी कोणाकोणात निघाला ते मला माहीत आहे. पाण्याचा ग्लास फक्त माझा वेगळा केला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. माझ्या जिभेवर काय आहे ते त्यांना कळलं होतं. मॅडमनाही. मी एक शब्द बोलले असते तर त्याच हॉलमध्ये त्यांचंही पोट उघडं पडलं असतं. बोलायची इच्छा होती मला. दातांपर्यंत आलं होतं.

"कोणाचा निकाल काय होता ते मी सांगणार नाही. ते सांगायचं नसतं. एवढं यांना कळलं नाही, मला कळतं."

माईक ठेवला. लॅपटॉप बंद केला. पडदा काळा झाला. मी जेवणाच्या टेबलांमधून चालत बाहेर आले.

त्यांचे निकाल मी इथंही लिहीत नाही. पण ते मला माहीत आहेत, म्हणून त्यांना एक रात्रही सुखाची झोप लागत नसेल, याचं बरं वाटतं. मला याची लाज नाही.

नोकरी गेलीच. शहरातल्या लॅबवाल्यांना फोन गेले, कुठं काम मिळेना. बाप घाबरला. म्हणाला, "मोठे लोक हायत. कायले त्यायच्या नादी लागून राहिली?" मी सगळं काम, नोंदींपासून नकाशापर्यंत, निबंध ज्या नियतकालिकाकडे गेला होता, त्याच्या संपादकाला पाठवलं. निबंध थांबला. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार टाकली. ती अजून पडून आहे. मी दर महिन्याला विचारते. एकदा डॉक्टरांचा माणूस घरी आला, मिठाईचा डबा घेऊन.

"साहेब म्हणतात, झालं गेलं विसरून जा. तुझं नाव टाकू. पहिलं टाकू."

मायनं डबा उघडूही दिला नाही.

"घेऊन जा बापू," ती म्हणाली. "पोरगी देऊन नाही राहिली माफी."

आता मी तालुक्याच्या गावात शिकवण्या घेते. रात्री काम करते. नवा नकाशा काढते आहे, माझ्या एकटीच्या नावानं. यात मी मोजते आहे की ज्यांच्या पोटातून हे सगळं ज्ञान निघालं, त्यांना कोणी विचारलं होतं का, आणि त्यांच्यातलं कोणी लिहिणाऱ्यांत आहे का. डॉक्टर पुन्हा लिहितील. नाव छापून यायची त्यांना चटक आहे. जिथं पाठवतील तिथं माझं पत्र जाईल, पुराव्यासकट. बोलायला उभे राहतील तिथं मी समोरच्या खुर्चीत असेन. ते म्हातारे होतील. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे.

मला घाई नाही.