रॉयच्या गेटची कडी

निघायच्या दिवशी सकाळी आईने माझ्या बॅगेतून वकिलीचा काळा कोट बाहेर काढला आणि त्या जागी दोन स्वेटर कोंबले. "तिथे तुला कोण वकिली करू देणार आहे? थंडीने काकडू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. नाशिकला सातपूरमधल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा पंधरा माणसं जमली होती. आप्पा, माझे वडील, कारखान्यात फिटर होते. ते खाली टॅक्सीच्या टपावर बॅगा बांधत होते आणि तीच गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते. माझ्या नवऱ्याला, नितीनला, वेलिंग्टनमध्ये फार्मासिस्टची नोकरी लागली होती. मी केमिस्ट्री करून कायदा शिकलेली, पुण्यात पेटंटचे अर्ज लिहिणारी. कोट मी मुकाट्याने काढू दिला, कारण आईसारखंच मलाही वाटत होतं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. आज मी इथे अपील कोर्टाची न्यायाधीश आहे. नाशिकला राहिलेल्या माझ्या माणसांना हे अभिमानाने सांगायला आवडतं. पण गेल्या वर्षी जे झालं ते मी त्यांना नीट सांगितलेलं नाही. म्हणून त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे.

पहिलं वर्ष जॉन्सनव्हिलमधल्या एका डेअरीत काउंटरवर गेलं. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, पण आई सगळ्यांना सांगायची, शुभा दुधाच्या धंद्यात आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की काउंटरखाली पुस्तक उघडून मी इथल्या परीक्षांचा अभ्यास करायचे. पास झाले, एका फर्ममध्ये लागले, आणि काही वर्षांनी मला रॉयची केस मिळाली.

रॉय हा वायकाटोमधल्या एका दरीतला गाईवाला शेतकरी. त्याने गेटला लावायची एक कडी शोधून काढली होती. हातात बादल्या असल्या तरी माणसाला ती कोपराने उघडता यायची, गाईला मात्र जमायची नाही. पेटंटचा अर्ज करण्याआधी त्याने ती तीन शेजाऱ्यांच्या गोठ्यांत एक हिवाळाभर लावून पाहिली. पुढे एका मोठ्या कंपनीने तशीच कडी बाजारात आणली. रॉय कोर्टात गेला. मी कंपनीची वकील होते.

नियम असा, की अर्जाआधी शोध जगजाहीर झाला तर पेटंट टिकत नाही. मी ते तीन शेजारी साक्षीला उभे केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "हे गुपित ठेवा, असं रॉयने तुम्हाला सांगितलं होतं का?" तिघंही सरळ माणसं. तिघांनीही सांगितलं, "नाही." मी म्हटलं, जिथे करार नाही तिथे गुपितही नाही. कोर्टाने ते मान्य केलं आणि रॉयचं पेटंट गेलं. त्या निकालाने माझं नाव झालं. मी फर्ममध्ये भागीदार झाले, मग स्वतंत्र बॅरिस्टर, मग हायकोर्टाची न्यायाधीश. अपील कोर्टावर नेमणूक झाल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या मुलीबरोबर, इराबरोबर, माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घेत होते. मी पायात एकच जँडल घालून मटकन बाकावर बसले. इराला मराठी सगळं कळतं, पण ती इथल्या पोरांसारखं, 'मस्तच' या अर्थाने, म्हणाली, "स्वीट अ‍ॅझ, मम!"

तो धक्का गोड होता. दुसरा तसा नव्हता.

गेल्या वर्षी एका नर्सचं अपील आमच्यापुढे आलं. म्हाताऱ्या पेशंटना कॉटवरून उठवायला तिने एक पट्टा तयार केला होता आणि पेटंटच्या अर्जाआधी वॉर्डातल्या मैत्रिणींकडून तो वापरून घेतला होता, म्हणून तिचं पेटंट रद्द झालं होतं. तिच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाने आधार म्हणून रॉयचा निकाल पुढे केला. त्या खटल्यात मी वकील होते, हे मी लगेच जाहीर केलं. कोणाचीच हरकत नव्हती. मग चेंबरमध्ये बसून मी तो निकाल इतक्या वर्षांनी पुन्हा वाचला. 'जिथे करार नाही तिथे गुपितही नाही' हे माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. माणसं एकमेकांवर विश्वास टाकतात तेव्हा करार कुठे करतात? आप्पा म्हणायचे, "शब्द दिला की संपलं. आणि आपल्या माणसात तर तोही द्यावा लागत नाही." अशा घरात वाढलेली मी हे असलं वाक्य बोलले होते, आणि त्याच्यावर माझं सगळं करिअर उभं होतं.

आम्ही तिघा न्यायाधीशांनी एकमताने रॉयच्या निकालातलं ते तत्त्व मोडीत काढलं. निकाल मी लिहिला. नर्स जिंकली.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. आता ती ब्याऐंशीची आहे. मला वाटलं, शाबासकी देईल.

"मग त्या शेतकऱ्याचं काय?" तिने विचारलं.

"त्याचं आता काही होत नाही, आई. जुनी केस पुन्हा उघडत नाहीत."

"केसचं नाही विचारत. त्याला भेटलीस का?"

मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "कागदावर चूक दुरुस्त केलीस. माणसाकडे कोण जाणार, शुभे?"

रॉय टाकानिनीमध्ये मुलीकडे राहत असल्याचं कळलं. नव्या, एकसारख्या घरांच्या रांगेत त्याचं घर शोधायला वेळ लागला. चिठ्ठी आधी पाठवली होती. दार त्यानेच उघडलं. उंच, वाकलेला, कानात मशीन.

"किआ ओरा," त्याने इथल्या रीतीने नमस्कार केला. "तुम्ही येणार नाही अशी मी पैज लावली होती."

मी आत जाऊन सरळ सांगितलं, "माझं म्हणणं चुकीचं होतं. तुमचं बरोबर होतं."

"कडीचं मला काही नाही हो," तो म्हणाला. "पण त्या तिघांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. रोज गेटवर तोंडं दिसायची. शेवटी शेत विकलं आणि दरी सोडली. जन्मलो होतो मी तिथे."

मी माझं गाव माझ्या मर्जीने सोडलं होतं. या माणसाला त्याचं गाव मी सोडायला लावलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"कोणी आहे का तिथे अजून?" मी विचारलं.

"दोघं गेले. कॉलिन आहे म्हणतात."

"आत्ता जायचं? मी गाडी चालवते."

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने उठून टोपी घेतली.

दीड तासाने आम्ही दरीत पोहोचलो. कॉलिनच्या गेटपाशी गाडी थांबवली. गमबूट घातलेला एक म्हातारा गोठ्यातून बाहेर आला, आणि रॉयला बघून जागच्या जागी थबकला. मी कोण ते मी सांगितलं. त्याने मान हलवली. मी त्याला आठवत होते.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, रॉयने मला गुपित ठेवायला सांगितलं होतं का," तो म्हणाला. "नव्हतं सांगितलं. मी खोटं कसं बोलणार? पण मी कोणाला सांगितलं का, हे तुम्ही विचारलंच नाहीत." मग तो रॉयकडे वळला. "कोणालाच नाही सांगितलं रे. बायकोलासुद्धा नाही. सांगायला कशाला हवं होतं? तुझी कडी होती ती."

रॉयने गेटच्या वरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. कॉलिनने पलीकडून त्याच्या हातांवर हात ठेवले. मी गाडीत जाऊन बसले. तिथे माझं काही काम नव्हतं.

आई अजून विचारते, घरी कधी येणार. पूर्वी मी तारीख सांगायचे. आता 'घर' हा शब्द ऐकला की मला कॉलिनचं गेट आठवतं. न सांगता जिथे आपली गोष्ट राखली जाते, ते घर. सातपूरच्या दोन खोल्यांत मला ते आयतं मिळालं होतं. आणि इथे येऊन, अस्खलित इंग्रजीत, मी दुसऱ्या कोणाचं तरी मोडलं होतं.