हलका गंज कधी हलका येत नाही

मांडणीवरची भांडी अन् घरातले किस्से एकाच जातीचे. एकात एक बसवून ठेवले त जागा खात नाहीत, दिसतही नाहीत. पण मधातलं एखादं ओढून काढाले जा, सगळे धडाधड अंगावर येतात! आमच्या घरी एक जरमनचा गंज आहे. जरमन म्हणजे ॲल्युमिनियम, अन् गंज म्हणजे पुण्याकडचे ज्याले पातेलं म्हणतात तो. हा गंज ओढला की त्याच्यामागून एवढे किस्से पडतात, की चहा थंड होते पण ते सरत नाहीत.

आधी माणसं सांगते. अमरावतीत आमचं घर, गावाबाहेर भाजीपाल्याचं वावर. माझा पोरगा भास्कर बोलते कमी अन् ठरवते जास्त. त्याची पोरगी रेणू. तिले सॅक पाठीवर टाकून डोंगर-जंगलात चालायचा नाद. नोकरी नको म्हणे, लग्न आता नको म्हणे. मी बायांचे कॅम्प काढीन, हाच माझा धंदा. भास्कर लय दिवस नुसता ऐकत राहिला. मंग एकदा जेवता जेवता म्हणाला, "आपल्या गल्लीतल्या बाया ने मेळघाटात. एक खेप. एक जरी बाई उपाशी राहिली, एकीनं जरी तक्रार केली, त सॅक माळ्यावर अन् तू बी.एड.ले."

रेणू म्हणाली, "मंजूर."

हात धुवाले उठली तेव्हा माझ्या कानाशी आली. "आजी, पहिले एक हलकं भांडं पाहिजे."

मले हसूच आलं. घरात माणसं तीन, भांडी शंभर, अन् या पोरीले भांडं पाहिजे!

*

रेणूचा एक दोस्त आहे, गौरव. नांदगाव पेठेले कापडाच्या कंपनीत कामाले आहे. पोट्टा गुणाचा, पण त्याले वजनाचं याड. खिशात लहानसा इलेक्ट्रिक काटा घेऊन फिरते. चमचा दिसला की तोल, मोजा दिसला की तोल. एकदा आमच्या घरी पोहे खाल्ले त आधी बशी तोलली.

त्यानं सांगितलं, सेमाडोहच्या बाजूले जिथं मुक्काम आहे तिथवर गाडी जात नाही. राशन, गॅस, भांडं, सगळं पाठीवर न्या लागते. रान वाघाचं, म्हणून चूल पेटवायची मनाई.

आमच्या शेजारची शांताबाई तिथंच बसली होती. गल्लीतल्या बायांची ती पुढारी. तिनं विचारलं, "कावून? वाघाले धुराचा त्रास होते काय?"

"वाघाले नाही काकू. जंगलाले आग लागते."

"मंग तसं सांग नं. मधात वाघ कायले आणतं?"

मी आत जाऊन माझ्या लग्नातला पितळी गंज काढून आणला. म्हटलं यात पन्नास माणसाचं वरण झालेलं आहे, तुमच्या सात-आठ बायाईले पुरन. गौरवनं दोन हातानं उचलून तो काट्यावर ठेवला. आकडे पळाले, थांबले, अन् मंग कायतरी इंग्रजी अक्षरं उमटली. मी विचारलं, किती भरला?

तो म्हणे, "आजी, काटा म्हणून राहिला, हे माझ्यावरून उतरवा."

*

मंग गौरवनं त्याचं सोताचं भांडं आणलं. टायटॅनियमचं. दिसाले मोठ्या गिलासासारखं, हातात घ्या त पळसाचं पान घेतल्यासारखं. कान घडी होणारे. त्यानं काट्यावर ठेवून आमाले आकडा दाखवला, जसा काही पोराचा निकालच लागला.

मी म्हटलं, आकडा जेवता येत नाही. यात झुणका करून दाखव.

अंगणात त्याचा तो लहानसा गॅस लावला. फोडणी दिली, पाणी घातलं, बेसन टाकलं. मी सराटा, म्हणजे उलथनं, फिरवून फिरवून थकली. मधात कोळसा, कडेले कच्चं पीठ, अन् दोन्हीच्या मधात जो काही झुणका होता तो सराट्यालेच चिकटलेला. गौरव बारीक आवाजात म्हणे, "आजी, यात खरं म्हणजे फक्त पाणी उकळायचं असते."

"मंग तुमी जंगलात काय जेवता?"

"पाकिटातलं. गरम पाणी टाकायचं अन् थांबायचं."

शांताबाई म्हणाली, "बापा! थांबायसाठी मेळघाटात कायले जावं? ते त आमी घरीही करतो."

तेवढ्यात भास्कर वावरातून आला. त्यानं बोटावर झुणका घेतला, चाखला, अंगणातल्या नळावर बोट धुतलं, अन् रेणूले अगदी गोडीनं विचारलं, "बी.एड.ची परीक्षा कधी असते गं?"

*

माझ्या भावाच्या नातवाचं बारसं होतं अकोल्याले. रेणू अन् मी गेलो. येताना तिथल्या बाजारात भांड्याच्या दुकानात शिरलो.

आता वऱ्हाडात भांडं घेणाऱ्या बाईची एक रीत असते. ती भांडं हातात तोलते, बोटाच्या गाठीनं वाजवून पाहते, अन् म्हणते, याच्याहून जड दाखवा. दुकानदाराची सगळी जिंदगी जड दाखवण्यात गेलेली. त्यानं आमच्यासमोर जाड बुडाचे गंज मांडले. नातसुना वापरतीन म्हणे.

रेणू म्हणाली, "दादा, तुमच्या दुकानात सगळ्यात पातळ कोणतं आहे?"

त्याले वाटलं पोरीचं चुकलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. मंग तो माझ्याकडे वळला, अन् हळूच विचारलं, "आजी, नावडत्या पाहुण्याले आहेर आहे काय?"

मी म्हटलं, "नाही बावा, ही सोताच वापरणार आहे." त्याले माझी जास्तच कीव आली.

पण पोरगी शहाणी निघाली. गौरवच्या गिलासानं तिले शिकवलं होतं. निव्वळ पातळ घेतलं नाही. बुड रुंद पाहिजे, म्हणजे लहान जाळ सगळीकडे लागते. तोंड मोठं पाहिजे, म्हणजे सराटा कोपऱ्यात पोचते. कान नको, सांडशी आहे. झाकण असं पाहिजे की उलटं केलं त ताट झालं पाहिजे. दुकान अर्धं खाली उतरवलं तवा हा जरमनचा गंज भेटला. मी बोटानं वाजवला. आवाज काही खास नव्हता, पण खोटाही नव्हता.

दुकानदारानं नाव टाकायची मशीन हातात घेतली. "याच्यावर नाव काय टाकायचं?"

आमच्याकडे नावाबिगर भांडं घरात येत नाही. पण रेणूनं गंज मागं ओढला. मंग म्हणाली, "आता नका टाकू. एक खेप होऊ द्या."

घरी आलो त गौरवले हे सांगितलं. तो हळहळला. "टाकून घ्यायचं होतं नं! नाव टाकलं की तेवढा धातू निघते. वजन कमी होते!"

*

रेणूनं ठरवलं, कॅम्पच्या आधी हा गंज बायाईनं आपापल्या घरी वापरून पाहावा. भात लागते काय, वरण उतू जाते काय, पाहून सांगा. पहिले शांताबाईनं नेला.

दुसऱ्या दिवशी गौरव काटा घेऊन हजर. गंज काट्यावर ठेवला अन् त्याचे डोळेच मोठे झाले. कालच्याहून दुप्पट वजन! झाकण काढलं त आत जवसाची चटणी.

आता त्याले कोण सांगन? आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं वापस करत नाहीत. साखरेची चिमूट त चिमूट, पण टाकूनच देतात. पुढच्या घरून गंज आला त्यात हिरवे वाटाणे. त्याच्या पुढच्या घरून भोकराचं लोणचं. हलका म्हणून घेतलेला गंज एकदाही हलका आला नाही.

रेणूनं शांताबाईले हात जोडले. "काकू, नुसता गंज द्या नं वापस. आमाले वजन पाहायचं आहे."

शांताबाई म्हणाली, "रिकामं भांडं द्याले मी काय मेली काय?"

*

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर सगळ्याईच्या सॅका तोलल्या. गौरवनं कोणाचा आरसा काढला, कोणाची दुसरी चादर, एकीची तर देवाची घंटी. कोण्या बाईनं वाद घातला नाही. मले तवाच शंका आली. आमच्या गल्लीतल्या बाया न भांडता काही सोडत नसतात.

सकाळी बस स्टँडवर रेणूनं आपली सॅक उचलली अन् एका बाजूले कलली. वर बांधलेला गंज काल रिकामा होता. आज त्यात ठेचा, शेंगदाण्याचा कूट, गूळ, भाजलेली सुकी मिरची, खच्चून!

गौरव म्हणे, काकू, हे काढा लागन. शांताबाई आधीच बसमधे चढून खिडकीशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "काढ. पण मंग मीही उतरते. रिकामं भांडं घेऊन गावाले जात नसतात."

ठेचा राहिला. गौरव खाली राहिला, कॅम्प बायांचा होता. बस सुटेपर्यंत तो त्या गंजाकडे पाहत होता, जशी काही पोरगीच सासरी चालली.

*

मीही गेली होती. चालाले नाही, बसाले. रेणूनं वाट माझ्यासाठी सोपी धरली होती, अन् मी थांबत थांबत मुक्कामावर पोचली. बाकीच्या बाया दिवसभर गाईडसंगं रानात चालून आल्या. पाय सुजलेले, पण तोंडं अशी उजळलेली, की मी काहींले ओळखलंच नाही.

रेणूनं खिचडी टाकली. गंजानं इमान राखलं, बुडाले एक शीत लागलं नाही. झाकण काढलं, वाफ निघाली, वास सुटला. ती म्हणाली, "या, घ्या."

कोणी उठलं नाही.

एक म्हणे, तुमी घ्या पहिले. दुसरी म्हणे, मले घाई नाही, तुमी घ्या. तिसरी पाणीच भरू लागली. शांताबाई घासलेलीच वाटी पुन्हा घासत बसली. मलेही कोणी म्हटलं, आजी तुमी सुरू करा. त माझ्याही तोंडून निघालं, पोरी आधी जेवू दे. खिचडीवरची वाफ विरत आली, तरी आमचं "तुमी घ्या" चालूच.

मंग माझ्या ध्यानात आलं. घरी आधी सासरा, मंग नवरा, मंग लेकरं, मंग पाहुणा, अन् सरतेशेवटी खरवड आपली. इथं सासरा नाही, नवरा नाही, पाहुणा नाही. सगळ्याच शेवटच्या! सगळ्याईच्या पहिले जेवायची सवय एकीलेही नाही.

रेणूच्या डोळ्यात पाणी आलं. ती मले म्हणाली, "आजी, या अशा उपाशीच राहतीन. बाबाले हेच पाहिजे आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं चमचे, ताटल्या सगळ्या सॅकमधे कोंबल्या. गंज उचलला, आमच्या मधोमध मातीत टेकवला. त्याच्यावर ठेचा टाकला. आमाले सगळ्याईले गोल बसवलं अन् म्हणाली, "पहिली कोणी नाही, शेवटची कोणी नाही. हात टाका."

रुंद तोंडाचा गंज. सगळ्याईचे हात मावले.

गंजातली खिचडी बुडाकडे उतरत गेली. मंग शांताबाई, जी गप बसलेली मी कधी पाहिली नाही, ती बोटं चाटत म्हणाली, "खिचडी गरम अशी लागते काय गं?"

*

वापस आलो त गंज घासून देते म्हणून शांताबाई घरी घेऊन गेली. भास्करनं आठवडाभर वाट पाहिली. ज्या बाईले रस्त्यात गाठन तिले आडून विचारे, पोट भरत होतं नं तिकडे? बाया हसून पुढं निघून जात. हसणं काही तक्रार नाही, पण जबाबही नाही. रेणूचा जीव टांगणीले. सॅक दाराशीच पडली होती, न माळ्यावर न पाठीवर.

रविवारी भास्कर ओट्यावर चहा पीत होता. शांताबाई गंज कडेवर घेऊन आली. मागं दोन-तीन बाया. त्यातली एकही कॅम्पले आलेली नव्हती.

तिनं गंज भास्करच्या पुढ्यात ठेवला. "भास्करभाऊ, तक्रार आहे."

रेणू दारात होती. तिनं चौकट धरली. भास्करनं कप खाली ठेवला. "बोला वहिनी."

"गंज लहान आहे. पुढच्या खेपेले या पण येऊन राहिल्या. सगळ्याईचे हात मावणार नाहीत त्यात."

भास्करनं झाकण काढलं. आत तांदूळ, डाळ, त्यावर हळद-तिखटाच्या पुड्या, मिठाची पुडी, अन् पानात बांधलेला ठेचा. त्यानं एकेक पुडी उचलून पाहिली अन् जिथली तिथं ठेवली. झाकण लावलं. गंज दोन्ही हातात घेऊन तोलला, बोटाच्या गाठीनं एकदा वाजवला.

मंग दाराकडे न पाहता म्हणाला, "मोठा घेशीन तवा घेशीन. आधी याच्यावर नाव काय टाकायचं, ते सांग."