पुरणातलं लवंगेचं तेल

वडील गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतात. तो पोटभर जेवला, की वर गेलेला जेवला. त्यानं पान टाकलं, की वरचा वर्षभर उपाशी. आईनं देऊळघाटहून वडिलांच्या जिवलग दोस्ताला, माझ्या काकांसारख्या माणसाला, बोलावलं होतं, आणि आठवडाभर तिला एकच घोर होता: ते पोटभर जेवतील ना?

मी तेव्हा बुलढाण्याच्या कचेरीत नकलनवीस होतो, म्हणजे स्वतःच्या मते अर्धा साहेब. नाताळात एका साहेबाचा खानसामा केकात कसल्याशा अर्काचे दोन थेंब टाकताना मी पाहिला होता. तेव्हापासून घरातलं पुरणासाठी जायफळ कुटणं मला मागासलेलं वाटू लागलं. मोताळ्याच्या बाजारातून मी लवंगेच्या तेलाची शिशी आणली. "एक बूंद बस, बाबूजी," अत्तरवाला म्हणाला होता. पण एवढ्या पातेल्याला एक थेंब? वऱ्हाडी हाताला ते जमेना. आई अंगणात गेली तशी मी अर्धी शिशी पुरणात ओतली.

"वास कायचा येऊन राह्यला रे?"

"विलायती रीत हाय, मा. तिकडं कुटत नाहीत."

पितर जेवायच्या आधी चाखायचं नसतं, म्हणून माझी विलायत वाचली.

काका पाटावर बसले. पहिल्या घासाला थांबले, दुसऱ्याला डोळे भरून आले. दुखऱ्या दाढेला जे तेल कापसाच्या बोळ्यानं लावतात, ते मी त्यांना पोळीत भरून वाढलं होतं. जीभ, हिरड्या, ओठ, सगळं बधिर. पण पान टाकायची सोय नव्हती. ते मान खाली घालून खात राहिले आणि गालांवरून धारा वाहत राहिल्या.

दाराआडून आईनंही पदर डोळ्याला लावला. "किती जीव होता दोघायचा. वाढ त्यायले अजून एक."

मी वाढली. पाचवी संपवून काका उठले. मी हातावर पाणी घातलं, तेव्हा जड जिभेनं एवढंच म्हणाले, "तुह्या बापानं मले जिंदगीत एवढं नाही छळलं बे."

ते गेल्यावर आई जेवायला बसली. एक घास घेतला, आणि हात तिथंच थांबला.

"म्हून रडून राह्यले होते काय ते?"

तिनं पान सारलं, नवी डाळ शिजत घातली, जायफळ कुटलं, पोळ्या करून फडक्यात बांधल्या. "जाय, त्यायले खाऊ घालून ये. तुह्या बापाच्या पोटात काही गेलं नसन."

वैशाखाच्या उन्हात, उपाशी, मी पायी देऊळघाट गाठलं. काकांनी फडकं सोडून आधी वास घेतला.

"यात काय टाकलं?"

"जायफळ, काका. कुटलेलं."

तीन पोळ्या खाऊन त्यांनी ढेकर दिला. "वहिनीले सांग, आता तुहा बाप जेवला. सकाळी मी एकटाच जेवलो." मग चौथी उचलताना त्यांना माझी नजर दिसली. "तुले पाह्यजे?"

"हो."

"सकाळचं पातेलं हाय ना घरी," ते म्हणाले. "ते खाय."