शरयूताईंच्या नावावरचं पुस्तक

आमच्या लष्कर शहरात अजून लेकीच्या लग्नात ते पुस्तक भेट देतात. म्हणून स्पष्ट सांगते, ते शरयूताईंचं नाही.

ताई विसाव्या वर्षी विधवा झाल्या. वडील दरबारच्या दफ्तरात कारकून. त्यांनी मोडी शिकवलेली. मोडी भराभर लिहून होते, म्हणून सैपाक उरकता उरकता ताईंनी एका हिंदी कादंबरीचा मराठी तर्जुमा मोडीतच केला. सहा वर्षं लागली. गोष्ट एका विधवेची. शेवटी ती सासर सोडते आणि मुलींची शाळा काढते. तर्जुमा संपेपर्यंत काचबिंदूने ताईंचे डोळे गेले.

छापखानेवाल्याने वह्या परत सरकवल्या. "बाई, मोडी हमारे यहाँ कौन पढ़ेगा? बालबोध में लाइए."

मी ताईंच्या सोबतीला असायची, पण मला मोडी येत नाही. बालबोध, म्हणजे देवनागरीही मी बाड्यावरच्या, आमच्या बाजारचौकातल्या, दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेली. मग नक्कल करायला ताईंचे धाकटे दीर दिनकरराव बसले. घरचा माणूस, म्हणून आम्ही निर्धास्त. काय ती आमची अक्कल!

१९३८ साली पुस्तक आलं. ताईंनी त्यावरून हात फिरवला. "माझं नाव आहे ना गं?"

"ठळक आहे."

मी वाचायला लागले. शेवटी ती विधवा सासूचे पाय धरते आणि जन्मभर त्याच घरात राबते.

"थांब. हे मी लिहिलेलं नाही."

दिनकरराव सुपारी कातरत होते. "वहिनी, होतं तसं छापलं असतं तर लोकांनी दारात शेण टाकलं असतं. तुमचंच नाव राखलं मी."

"आणि वह्या?" ताईंनी विचारलं.

"बंबात घातल्या."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"मूळ हिंदी मी वाचते, तुम्ही मराठीत सांगा, मी लिहून घेते, पुन्हा करू," मी म्हटलं. ताई तयार झाल्या. चार पानं झाली असतील, तोच शेजारच्या विजयाबाई पेढे घेऊन आल्या. "ताई, उपकार झाले! आमची दुर्गा मार खाऊन माहेरी आली होती. तुमचं पुस्तक दिलं, निमूट परत गेली बघा सासरी भिंडला."

ताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. विजयाबाई गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "जा. माझं नाव सांग आणि घेऊन ये तिला."

अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीने मी भिंडला गेले. दुर्गा दाराआड उभी. ओठ फाटलेला.

"चल. शरयूताईंनी बोलावलंय."

"खोटं बोलू नका, मावशी. ताई काय म्हणतात ते मी वाचलंय."

तिने दार लावून घेतलं. परत येऊन मी ताईंना सगळं सांगितलं. त्यानंतर त्यांनी तर्जुम्याची एक ओळही सांगितली नाही.