दगडी बंगलीची मालकीण

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "मावशी, आत्या गेली... सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात बसली, ती तितंच." प्रज्ञा ही सुमनताईंची भाची. त्याला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी खूप रडले. पण आज लिहायला बसले तर ताईंचं खणखणीत हसणंच आधी आठवतंय.

सोलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी पंचवीस वर्षं नर्स होतो. निवृत्त झाल्यावर ताई शहरात फ्लॅट घेतील असं सगळ्यांना वाटलेलं. त्यांनी घेतली मंगळवेढ्याकडच्या आपल्या गावाबाहेरची पडकी दगडी बंगली. इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामावर तिथला तलाव बांधला, तेव्हा देखरेख करणाऱ्या साहेबासाठी ती उभी केलेली. पुढं ती एका जमीनदाराच्या घराण्याकडे गेली आणि आता वारस ती पाडून दगड विकायच्या बेतात होते. ताईंचा भाऊ माझ्यासमोरच चिडला, "अगं, त्या पडक्यात काय हाय? नुसते साप!" ताई म्हणाल्या, "सापांना सांगते की, मालकीण आलीया म्हणून."

त्या संध्याकाळी भिंतीवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "उषा, ह्यातला दगड माझ्या पणज्यानं फोडलाय. बांधून झाल्यावर त्याला ह्या पायरीवर चढू दिलं न्हाई, आमच्या जातीचा म्हणून. आता मी हितं पाहुणे ठेवणार." बस्, एवढंच. पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत, कामाला लागल्या. गवंडी सिमेंट म्हणत होता, ह्यांना चुनाच हवा होता. शेवटी दुधनीचा एक म्हातारा गवंडी मिळाला. तो कानडीतून भांडायचा, ताई मराठीतून, आणि भिंत मात्र सरळ चढत गेली. दीड वर्षानं तीन खोल्या, नवी कौलं आणि तलावाकडं तोंड केलेला व्हरांडा तयार झाला. हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची माणसं राहायला येऊ लागली. आल्यागेल्याला ताई बंगलीची गोष्ट सांगायच्या, पणज्यासकट, काही न लपवता.

एकदा मी तिथं असताना एक कुटुंब आलं. चार दिवसांसाठी खोल्या घेतलेल्या. गृहस्थांनी विचारलं, "मालक कुठं आहेत?" ताई म्हणाल्या, "मालकीण मीच हाय की." मग आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि तासाभरात बॅगा पुन्हा गाडीत गेल्या. म्हणे आईंना हवा मानवत नाही... आई बिचाऱ्या खाली मान घालून गाडीत बसल्या. ताईंनी न वापरलेल्या चादरी शांतपणे घडी घालून ठेवल्या. माझाच राग अनावर झाला. "ताई, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. लई वाटलं," त्या म्हणाल्या. "पण गेलं कोण? ते. मी हितंच हाय." आणि फोन उचलून त्यांनी माझ्या मुलांना, नातवंडांना बोलावून घेतलं. ते चार दिवस बंगली आमच्या पोरांनी दणाणून सोडली.

परवा मी तिथं जाऊन आले. मनात धाकधूक होती. प्रज्ञा पंढरपूरला एका कंपनीत नोकरीला होती. बंगली ताईंनी तिच्याच नावावर केलेली; ती हे सगळं विकून टाकील, असं गावात बोलत होते. गेले तर अंगणात ज्वारीची कणसं उतरत होती आणि चुलीवर चहा होता. प्रज्ञानं नोकरी सोडलेली. साहेबाची मोठी खोली ताईंनी पहिल्या दिवसापासून स्वतःसाठी ठेवली होती, पाहुण्यांनी कितीही मागितली तरी. मला वाटलं, ती आता बंद असेल, फोटोला हार वगैरे. दार सताड उघडं होतं. आत खाटेवर प्रज्ञाची वाकळ, खुंटीवर तिची ओढणी, खिडकीत तिचा लॅपटॉप.

मी दारातच थबकले, तशी ती जरा ओशाळली. म्हणाली, "मावशी, आत्यानंच सांगून ठेवलेलं. पाहुणे येतील, जातील. मोठ्या खोलीत मालकिणीनं झोपायचं."