गाडी भरली, सॉकेट जळालं

सिंदी रेल्वे गावात नत्थू वायरमनचा राग सगळ्यांना ठाऊक होता. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये तो तारा जोडत असताना मुकादमाने न विचारता मेन स्विच चालू केला. नत्थूची दोन बोटं करपली आणि नत्थूच्या पान्याने मुकादमाचा जबडा फुटला. तीन महिने तुरुंगात काढून आल्यावर त्याने बायकोला, मंदाबाईला, शब्द दिला की पुन्हा कुणावर हात उचलणार नाही. सत्तावीस वर्षं त्याने तो पाळला. यंदाच्या मे महिन्यातल्या एका दुपारी मोडला.

गावात किशोरचं बियाण्यांचं दुकान. त्याने हौसेने विजेवरची चारचाकी गाडी घेतली, तेव्हा अंगणात चार्जरसाठी जाड वायर आणि वेगळं अर्थिंग नत्थूनेच करून दिलं होतं. पण तिथं ऊन लागतं म्हणून किशोर गाडी टिनाच्या शेडमध्ये लावू लागला. गाडीसोबत आलेला लहान चार्जर त्याने कूलरच्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसला, तो कायमचाच. गाडी घरी असली की वायर लावलेलीच असायची. नत्थूला याचा पत्ताच नव्हता.

त्या दुपारी नत्थू आपल्या दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर उघडून बसला होता. किशोर शिवी देतच आत शिरला.

"काऊन बे नत्थ्या, माह्या मायले मारून टाकत होता न तू!"

आणि हातातलं हेल्मेट त्याने नत्थूच्या तोंडावर हाणलं. दात तुटल्याचा आवाज नत्थूला डोक्याच्या आतून ऐकू आला. दुसरा फटका कानशिलात बसला, मग पोटात लाथ. तिसऱ्यांदा हेल्मेट वर गेलं तसा नत्थूच्या मुठीतला पेचकस किशोरच्या दंडात घुसला.

किशोर किंचाळत भिंतीला टेकला. "सॉकेट जळालं! मायनं पिन ओढाले हात लावला, तं तळहाताची कातडी चिकटून राह्यली. तुहंच काम होय न ते!"

नत्थूने रक्त थुंकलं. "मेन पाडला का?"

"आँ?"

"घरचा मेन बंद केला का? अन् माय कुठी हाये?"

"घरीच हाये... एकटी." किशोरचा चेहरा पांढरा पडला.

"अन् तू आधी मले मारायले आला, हरामखोरा?"

रक्ताने भरलेली ती दोन माणसं किशोरच्याच मोटरसायकलवर बसून भर बाजारातून गेली. लोक बाजूला झाले.

शेडमध्ये धूर कोंडला होता. सॉकेटमधून ठिणग्या उडत होत्या. किशोरची आई सुमित्राबाई भाजलेला हात फडक्यात गुंडाळून डाव्या हाताने पाण्याची बादली उचलत होत्या.

"काकू, पानी टाकू नका!"

त्यांना ऐकू गेलं नाही. नत्थूने धावत जाऊन म्हातारीला ढकललं. ती फरशीवर आपटली. आईला पडलेली पाहून किशोर पुन्हा अंगावर आला, तेव्हा नत्थूने त्याच्या फाटलेल्या दंडावरच गुद्दा ठेवून दिला आणि ओसरीत जाऊन मेन खाली ओढला.

ठिणग्या थांबल्या. उरल्या जाळावर त्याने रेती टाकली, मग सॉकेट उचकटून किशोरच्या पुढ्यात फेकलं. प्लास्टिक वितळून कोळसा झाला होता.

"हे मी बसवलं होतं का?"

किशोर पुटपुटला, "पण गाडी भरली का आपोआप थांबते न..."

"गाडी थांबते. सॉकेटचं काय? आठ-आठ घंटे फुल लोड घेते ते, अन् सॉकेट कूलरचं! चार्जरचा डब्बा वायरीले लोंबकळून राह्यला, पिन खाली ओढून राह्यला. तापते, थंड होते, स्क्रू ढिला होते. पिन एकदा तरी काढली असती, तं हाताले समजलं असतं का किती तापली."

सुमित्राबाई कण्हत उठल्या. त्यांनी डाव्या हाताने मुलाच्या थोबाडीत मारली. मग नत्थूच्याही. "मले ढकलतं?" म्हणाल्या आणि रडू लागल्या.

नत्थूचे दोन दात गेले. किशोरच्या दंडाला सात टाके पडले. पोलिसांत कुणी गेलं नाही. सुमित्राबाईंच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना अजून पदराचं टोक धरता येत नाही. त्यांच्यासाठी म्हणून नत्थूने शेडमध्ये नवी लाइन ओढून दिली, चार्जरला भिंतीवर खुंटी ठोकली. किशोरशी मात्र तो एक अक्षर बोलला नाही. आजही बाजारात तो समोर आला की नत्थूची मूठ वळते. मग ती तो खिशात घालतो आणि पुढे जातो.